रिकाम्या पोटाची साखर

सकाळी गिरणीतून रात्रपाळी करून आला की जोतीराम आधी स्टोव्ह पेटवायचा. चहासाठी नाही, माझ्या लघवीसाठी. काचेच्या नळीत तपासणीचं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे. आणि विटकरी झालं की आमच्या घरात कोर्ट भरायचं.

"आई, खरं सांग की. रात्री काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग हे कुटनं आलं?"

असं विचारून तो वाकून माझ्या ओठांकडे बघायचा, गुळाचा कण सापडतोय का म्हणून. म्युनिसिपालटीच्या शाळेत मी आयुष्यभर पोरांची खोटी तोंडं ओळखली, आणि मॅट्रिकला गटांगळ्या खाल्लेला माझाच मुलगा माझी झडती घेतोय! असा संताप यायचा की ती नळी त्याच्या डोक्यात घालावी.

आग लावली होती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. "गोळ्या चालू असून साखर चढतेय, म्हणजे कुठून तरी पोटात जातंय. म्हातारी माणसं चोरून खातात. लक्ष ठेवा." झालं! रेशनची साखर, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, सगळं जाळीच्या कपाटात गेलं. कपाटाला कुलूप, आणि किल्ली सूनबाईच्या, वच्छलाच्या, कनवटीला. संक्रांतीला शेजारणीनं गूळ-शेंगदाण्याची शेंगापोळी दिली, ती वच्छलानं तिच्यादेखत माझ्या हातातून काढून घेतली. "त्यास्नी न्हाय चालत," म्हणाली. मला ती खायची नव्हतीच. पण चोराकडून मुद्देमाल घ्यावा तशी घेतली, ते मला सहन झालं नाही.

मग मीही हट्टाला पेटले. रात्रीचं जेवणच बंद केलं. संध्याकाळचा बिनसाखरेचा चहा झाला की पुढे नुसतं पाणी. पोटात आग पडायची, पण तोंड मिटून पडून राहायचे. आता बघू कशी साखर निघते! आणि सकाळी नळीतला रंग आधीपेक्षाही लाल.

जोतीरामनं नळी माझ्यासमोर नाचवली. "जेवणावर रुसायचं आनि चोरून गोड खायचं, व्हय?"

त्या दिवशी मात्र मी ओरडले. "मला दवाखान्यात टाक. पहाऱ्याला नर्स बसव. पण माझा एकदाचा निकाल लाव!"

दवाखान्यात जमीला शेख नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं रात्री रक्त घेतलं, मला उपाशी ठेवलं, खाटेजवळ नर्स बसवली आणि सकाळी पुन्हा रक्त घेतलं. सकाळची साखर जास्त निघाली. जोतीराम आता नर्सकडेच संशयानं बघायला लागला.

"तुम्ही रात्रपाळी करता ना?" डॉक्टरीण त्याला म्हणाली. "यकृतही करतं. पोट रिकामं असलं की ते स्वतःच साखर बनवून रक्तात सोडतं. सगळ्यांचंच. इन्शुलिन त्याला आवर घालतं. पण यांचं यकृत इन्शुलिनला जुमानत नाही. साखर बनवायची पेशींमधली सूचना रात्रभर चालूच राहते. असं का होतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. यांना उपाशी ठेवू नका, रात्री भाकरी-भाजी द्या. गोळ्या मी बदलते, पण फरक पडायला वेळ लागेल."

"म्हंजे आईनं खाल्लं नव्हतं?"

"नाही."

एवढा एक शब्द ऐकायला मी किती तळमळले होते! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

टांग्यात जोतीराम म्हणाला, "आई, लई चुकलं माजं. डॉक्टरीनबाईंनी सांगितलं म्हनून कळलं."

"आणि मी इतके दिवस काय सांगत होते?"

घरी गेल्या गेल्या त्यानं कपाटाचं कुलूप काढलं. वच्छलानं खाली मान घालून मला गरम भाकरी वाढली. मी पोटभर जेवले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टोव्ह पेटला. नळी विटकरी. वेळ लागेल हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, त्यामुळे जोतीरामनं कोर्ट भरवलं नाही. शहाण्यासारखा नळी ठेवायला वळला, आणि वळता वळता त्याची नजर माझ्या ओठांवर आली.

"ये, जवळ ये. नीट बघून घे," मी म्हणाले, आणि जीभ पार बाहेर काढून त्याच्यासमोर धरली.

त्यानं मान फिरवली. मी जीभ आत घेतली नाही.