बसून लढणारी वहिनी

माझी वहिनी लुसिदेया शिवणकाम करते. ब्राझीलमधल्या बेलेम शहरात, पेद्रेइरा भागात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. लग्नाच्या झग्यांपासून शाळेच्या गणवेशांपर्यंत गल्लीतलं सगळं कापड त्या सुईखालून जातं. एकोणचाळिसाव्या वर्षी ती वस्ताद आल्देनोर यांच्या आखाड्यात पहिल्यांदा गेली, ती फाटके किमोनो गोळा करायला. जिउ-जित्सूत एकमेकांच्या कपड्याला धरूनच सगळी झटापट चालते, त्यामुळे तिथे कुणाची ना कुणाची काख उसवलेली असतेच. एक दिवस ती गठ्ठा काखोटीला मारून निघाली, तेव्हा वस्ताद म्हणाले, "लुसिदेया, ही एवढी जाड कॉलर तू हाताने टाचतेस? बोटं बघू तुझी."

तिने दाखवली. त्यांनी दोन बोटं दाबून बघितली आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

त्याला आता पाच वर्षं झाली. पांढरा पट्टा जाऊन निळा आला. माझा भाऊ वाल्देसी बस चालवतो. त्याने आधी कुरकुर केली, मग जेवायला वाढून घ्यायला शिकला, आणि शेवटी सगळ्या प्रवाशांना सांगायला लागला की माझ्या बायकोशी नीट बोला.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत मात्र वहिनीची चांगलीच जिरली. समोर होती तोमे-आसूची हारुमी नाकायामा. तिकडे जपानहून येऊन वसलेल्या लोकांचे मिरीचे मळे आहेत, त्यांच्यातली. ही बाई सातव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली जुडो शिकलेली, जुडोतला काळा पट्टा मिळवून तिला पंचवीस वर्षं झाली असतील. जिउ-जित्सूत ती उशिरा आली, म्हणून पट्टा निळा. वहिनी ताठ मानेने उभी राहिली, हात पुढे केला, आणि पुढच्या क्षणी तिचे पाय छताकडे होते. धोबी चादर आपटतो तशी आपटली. नऊ सेकंद! खांदा असा दुखावला की दीड महिना मशीन कापडाने झाकलेलं होतं.

"मला काही दिसलंच नाही गं," ती मला दहा वेळा म्हणाली. "ती इथे होती, आणि मग छत होतं."

वस्ताद चिडले नाहीत. खांदा बरा झाल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं. "जी उभ्याने वाघीण आहे, तिच्यासमोर उभं राहायचंच कशाला? कॉलर धर, बाही धर आणि खाली बस. पाठ टेकव आणि तिला पायांच्या जाळ्यात ओढ. आपल्या खेळात बसल्याचा गुण जात नाही. कुस्ती तिच्या अंगणातून आपल्या अंगणात आणायची, एवढंच."

वर्षभर वहिनी बसायला शिकली. ऐकायला सोपं वाटतं. पकड घेतल्याशिवाय बसलं तर नियमात मार खातो, उशिरा बसलं तर आपटी खातो. रोज संध्याकाळी पन्नास वेळा धरायचं आणि बसायचं. वाल्देसीला तर कोलीतच मिळालं.

"ही कुठली लढाई?" तो जेवताना म्हणायचा. "अशा बायका मी रोज स्टॉपवर बघतो. बसलेल्या! त्यांना कुणी पदक देत नाही."

"त्यांनी कुणाचा गळा धरलेला नसतो," वहिनी म्हणायची. "तू मासा खा."

या वर्षी स्पर्धेच्या दिवशी सकाळपासूनच हॉलमध्ये भट्टी पेटली होती. चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात चौघींची नावं होती. त्यातल्या एकीला नात झाली म्हणून ती आलीच नाही. तिची जोडी हारुमीशी होती, त्यामुळे हारुमी न लढता थेट अंतिम फेरीत. वहिनीला आधी एकीशी लढायचं होतं. पांढऱ्या पट्ट्याची सुलेइदे, मराजो बेटावरच्या सोउरे गावची.

"पांढरा पट्टा आहे, सोप्पं आहे," मी म्हणाले.

वस्तादांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "पट्टा पांढरा आहे. मान बघितलीस का?"

मी बघितली. सुलेइदे म्हशींच्या दुधाचं चीज करायची आणि म्हशी स्वतःच वळवायची. मराजोवर मातीतली कुस्ती चालते. पोरं-पोरी चालायला लागली की एकमेकांना चीत करायला लागतात. नियम एकच, पाठ मातीला लागली की खेळ खलास. सुलेइदे सहा भावांत वाढलेली. जिउ-जित्सूच्या वर्गाला मात्र जेमतेम तीन महिने जात होती. तिच्याबरोबर बोटीने आलेले वीसेक सोउरेकर एका कोपऱ्यात ढोल घेऊन बसले होते.

पंचाने इशारा केला. सुलेइदे डोकं खाली घालून आली. वहिनीने झटकन कॉलर धरली, बाही धरली, आणि पन्नास गुणिले एक वर्ष केलं होतं तशीच बसली. पाठ गादीला टेकली.

सुलेइदेने तिला सोडलं, सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

सोउरेचा कोपरा उसळला. ढोल वाजायला लागला. एक म्हातारा तर नाचायलाच लागला. सुलेइदे आमच्याकडे पाठ करून आपल्या लोकांना हात हलवत होती. पंच नुसता बघत राहिला, कारण नियमात हे बसत नव्हतं.

"पाय ओढ तिचा!" वाल्देसी माझ्या कानाशी ओरडला. "लुसी, पाय ओढ!"

वहिनीने पाय ओढला नाही. पडल्यापडल्याच हाक मारली, "अहो बाई! ओ सोउरेच्या बाई! अजून संपलं नाही!"

सुलेइदे वळली. "संपलं नाही म्हणजे? तुमची पाठ लागली की!"

"ती मीच लावली."

"स्वतःहून?"

"हो ना. इथे चालतं."

सुलेइदेने पंचाकडे बघितलं. पंचाने ओठ चावत मान हलवली. तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, शिकवलं होतं की मला हे! अंगात मुरलेलं जातंय कुठे!" आणि सगळा हॉल हसत असताना तिने पुन्हा डोकं खाली घातलं आणि आली.

हसणं तिथेच संपलं. वहिनीने तिला पायांत घेतलं, तर तिने वहिनीसकट पाय उचलले. गाभण म्हैस चिखलातून उठवायची सवय होती तिला. वहिनीचे केस सुटले, तोंड लालबुंद झालं. मग सुलेइदेने एक पाय पुढे टाकला, तोल जरासा गेला, आणि वहिनीने खालून बाही ओढून तिला उलटी केली. दोन गुण. पण सुलेइदे पाठीवर पडेल तर शपथ! हवेतच मांजरीसारखी वळली आणि पालथी झाली. मराजोवर हे शहाणपणाचं आहे. आमच्याकडे पालथं पडणं म्हणजे चोराला किल्ली देणं. वहिनी तिच्या पाठीवर चढली, पाय आत घातले, आणि तिची ती बोटं कॉलरच्या आत सरकली. सुलेइदेने थोडा वेळ मान ताठ ठेवली. मग गादीवर दोनदा थोपटलं. हार कबूल.

उठल्यावर तिने वहिनीला उचलून गदागदा हलवलं. "पाठीवर पडून जिंकता होय! माझा बाप हे बघायला हवा होता, इथेच फिट आला असता त्याला."

आता हारुमी.

ती कोपऱ्यात एकटीच बसली होती, मनगटांवर पट्ट्या गुंडाळत. लहानखुरी, पांढरे केस बारीक कापलेले. वहिनीला बघून अदबीने वाकली. "खांदा कसा आहे?"

"पावसात आठवण करून देतो तुमची."

"माफ करा हं. मी जरा हळू टाकायला हवं होतं."

वहिनी परत येऊन मला म्हणाली, "किती गोड बाई आहे. मला भीती वाटतेय गं."

लढत सुरू झाली. हारुमीचा हात कॉलरकडे आला तो दिसलाच नाही, पण वहिनी या वेळी बघत बसली नव्हती. तिने बाही धरली आणि बसली. हारुमीची कंबर वळली होती तेवढ्यात. अर्धा श्वास उशीर झाला असता तर पुन्हा छत दिसलं असतं.

"बरोब्बर!" वस्ताद ओरडले.

पण हारुमीनेही वर्षभर मिरी वाळवण्यापलीकडे बरंच केलं होतं. तिने गुडघा खाली दाबला, वहिनीचे पाय एका बाजूला सारले आणि बाजूने येऊन छातीवर पडली. तीन गुण हारुमीचे. वहिनीचं डोकं तिच्या काखेत, हात तिच्या पोटाशी. असं दाबलं की वहिनीच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. माझ्या हातातला कुपुआसूच्या सरबताचा पेला तसाच राहिला.

पुढचं मला वहिनीने नंतर सांगितलं. खाली दबलेली असताना तिला ऐकू आलं, की हारुमी काहीतरी पुटपुटतेय. हळू, एका तालात. जपानी तिला येत नाही, पण आकडे मोजण्याचा ताल कुठल्याही भाषेत कळतो. अशीच मोजून टाके घालतो आपण, तिला वाटलं. आणि मग कळलं. जुडोत चीत धरून ठेवलं की घड्याळ लागतं. हारुमीच्या काळात तीस सेकंद धरलं की जिंकलं. हे तिलाही ठाऊक होतं की इथे तसं नाही. पण ज्या अंगाने चाळीस वर्षं तेच केलं, ते अंग आपलं मोजत होतं.

वहिनी धडपडायची थांबली. गप्प पडून राहिली. वाल्देसीने डोळ्यांवर हात घेतले. "गेली," तो म्हणाला. "झोपली माझी बायको."

पुटपुटणं थांबलं. आणि हारुमीचे हात एवढेसे, मसाल्याच्या चिमटीएवढे, सैलावले. पंचाची हाक येईल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

वहिनीने कंबर उचलली, गुडघा आत घातला आणि खालून सुटली. हारुमी चपळाईने पालथी होऊन कासवासारखी आखडली; जुडोत असं केलं की पंच थोड्या वेळात उठवतो. इथला पंच उठवणार नव्हता. वहिनी पाठीवर चढली, एक पाय आत गेला, दुसरा अडकला, मग तोही गेला. चार गुण! चार विरुद्ध तीन.

सोउरेचा ढोल आता आमच्यासाठी वाजत होता. सुलेइदे सगळ्यांत पुढे उभी राहून ओरडत होती.

गळा मात्र हारुमीने दिला नाही. हनुवटी खाली घालून ती हळूहळू उठली, वहिनीला पाठीवरून झाडून टाकलं, आणि दोघी उभ्या राहिल्या. वीस सेकंद उरले होते. हारुमी एका फेकीत दोन गुण मिळवून जिंकू शकत होती आणि तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. वहिनीचे खांदे ताठ झाले. मला वाटलं, हिच्या डोक्यात खूळ शिरतंय. उभ्यानेच संपवायचं म्हणून उभी राहणार ही.

तेवढ्यात वाल्देसी बाकावर चढला. वर्षभर जेवताना टोमणे मारणारा माझा भाऊ, नसा फुगवून ओरडला, "बस! लुसी, बस गं बाई! देवाशपथ सांगतो, खाली बस!"

सगळा हॉल वळून त्याच्याकडे बघायला लागला. वहिनीने तेवढ्यातही ऐकलं असावं, कारण तिला हसू फुटलं. हसतहसतच तिने बाही पकडली आणि बसली. हारुमी पाय सारायला धावली, एकदा, दोनदा. वहिनीच्या मांड्या थरथरत होत्या, पण जाळं सुटलं नाही. घंटा झाली.

वाल्देसी बाकावरून उतरताना पडला. त्याला काही झालं नाही.

पदकं वाटून झाली, फोटो झाले. हारुमीने वाकून अभिनंदन केलं आणि विचारलं, "तुम्ही मधेच गप्प का पडलात?"

"तुम्ही मोजत होता ते ऐकत होते."

 हारुमीने तोंडावर हात घेतला आणि खांदे हलेपर्यंत हसली. "मी मोठ्याने मोजत होते?"

"आकडे कळले नाहीत. पण थांबलात ते कळलं."

मग वहिनीने ते मागितलं, जे मी तरी कुठल्या विजेत्याला मागताना ऐकलं नाही. "हारुमीबाई, मला पुन्हा एकदा टाका. पण हळू. मला बघायचंय काय होतं ते."

रिकाम्या गादीवर दोघी गेल्या. हारुमीने कॉलर धरली, बाही धरली, आणि बोलत बोलत, एखादीला पोळी लाटायला शिकवावं तसं, दाखवलं. इथे तोल जातो. इथे माझी कंबर. आता तुम्ही हलक्या. वहिनी तिच्या पाठीवरून अलगद वर गेली आणि अलगद खाली आली. "अरेच्चा!" पडल्यापडल्या म्हणाली. "एवढंच होय! पुन्हा करा." पाच वेळा टाकून घेतलं तिने. शेवटच्या वेळी तर गुडघे वाकवून ती फेक अडवलीही.

"गादी क्रमांक दोन मोकळी करा," भोंग्यातून आवाज आला. कुणी लक्ष दिलं नाही, कारण सुलेइदे चप्पल काढून गादीवर आली होती.

"मला पण," ती हारुमीला म्हणाली. "पण मी गप्प उभी नाही राहणार हं."

हारुमीने पट्टा घट्ट केला. "नकाच राहू."

दोघींनी एकमेकींना धरलं. हारुमीची कंबर वळली, सुलेइदेचे पाय सुटले असं वाटलं, पण तिने खाली वाकून हारुमीच्या गुडघ्यामागे हात घातला, डोकं छातीत रोवलं आणि उचलून टाकलं. थाडकन! तोमे-आसूच्या हारुमी नाकायामाची पाठ गादीला लागली.

ढोलवाल्यालाही वाजवायचं सुचलं नाही. भोंगासुद्धा गप्प झाला.

हारुमी छताकडे बघत पडली होती. मग उठून बसली, केसांवरून हात फिरवला, आणि लहान मुलीसारख्या चमकत्या डोळ्यांनी विचारलं, "हे काय होतं?"

"मराजो," सुलेइदे म्हणाली.

"पुन्हा करा."

आम्ही घरी निघालो तेव्हा हॉलचा रखवालदार दिवे मालवत होता, आणि त्या तिघी अजून गादीवरच होत्या.