इंजिन सुरू करण्याआधी

आठवडाभर पेशंटांच्या तोंडात वाकून वाकून दातांचे डॉक्टर अमेमिया कुनिओ यांची कंबर शनिवारपर्यंत लाकडासारखी होई. आणि रविवारी डोळे उघडले की पहिला विचार यायचा तो गाडीचा.

गाडी इटलीची, दोनच माणसांची, गर्द निळी, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी. मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी ती हौसेनं घेतली होती. सुरुवातीला ते जेवता जेवता उठून तिला बघून येत. आता मात्र ती घरात आणून ठेवलेल्या आजारी नातेवाइकासारखी झाली होती. चालवली नाही तर बॅटरी उतरते. एका जागी उभी राहिली तर टायर चपटे होतात. दमट हवेत चामड्याच्या सीटवर बुरशी धरते. धुवायची तीही हातानंच, मऊ फडक्यानं, नाहीतर रंगावर ओरखडे. आणि दर रविवारी इंजिन सुरू करून तापू द्यायचं. ते सुरू झालं की तोयोहाशी शहरातल्या त्यांच्या अरुंद गल्लीतली तावदानं थरथरायची.

गॅरेजच्या भिंतीपलीकडे ओनोदेरा हारुएबाईंची झोपायची खोली होती. त्या वृद्धाश्रमात कायम रात्रपाळीला असत आणि सकाळी येऊन झोपत. इंजिन सुरू झालं की त्यांच्या खिडकीचं शटर खाडकन खाली येई. कुनिओ ते ऐकत आणि ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत. बाईंनी कधी तक्रार केली नव्हती, मग झालं तर.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी इंजिनाचं ऑइल बदलायचं होतं. वर्कशॉपवाल्यांनी एकदा खालच्या पत्र्याचे स्क्रू हरवले, तेव्हापासून हे काम ते घरीच करायचे.

"आज राहू दे की," त्यांची बायको नोबुए म्हणाली. "आरशात तोंड बघा. तुमचंच ऑइल बदलायची वेळ आलीय."

"तासाभराचं काम आहे गं."

"दर वेळी तासाभराचंच असतं."

गाडी फळ्यांवर चढवल्याशिवाय तिच्याखाली जॅकही जात नसे. ती उचलून स्टँडांवर टेकवून, खाली पुठ्ठा अंथरून ते आत सरकले. पत्रा काढला, तळाचा नट सैल केला. काळं, कोमट ऑइल घमेल्यात पडायला लागलं. फडकं घ्यायला ते जरासे वळले, आणि कंबरेत कुणीतरी खिळा ठोकावा तसं झालं. श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागला.

"नोबुए! अगं नोबुए!"

वरच्या मजल्यावर व्हॅक्यूम क्लीनर घुरघुरत होता. ते पुन्हा ओरडले. पुष्कळ वेळानं गाडीखालून दोन पाय दिसले, पण जांभळ्या मोज्यांतले. ते नोबुएचे नव्हते.

"काय हो डॉक्टर, आज गाडीऐवजी तुम्हीच ओरडताय?"

"कंबर धरली, ओनोदेराबाई. हलताच येत नाही."

"पायाची बोटं हलवा बघू. हं, हलतायत. आता गप पडून राहा. तुमच्यासारखे आजोबा मी रात्रभर उचलत असते."

कुनिओंना आजोबा म्हटलेलं लागलं, पण वाद घालायच्या स्थितीत ते नव्हते. तेवढ्यात नोबुए धावत आली. दोघींनी पुठ्ठ्याची टोकं धरून त्यांना बाहेर ओढलं. कानात ऑइल, केसांत धूळ. हारुएबाईंनी त्यांचे पाय खोक्यावर ठेवले आणि जरा वेळ असंच राहायला सांगितलं. नोबुएनं चहा आणला. बाई स्टुलावर टेकल्या, दोन घोट घेतले, आणि बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर पडली. नोबुएनं त्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला.

"झोपल्या?" कुनिओंनी हळूच विचारलं.

"झोपेतूनच उठून आली ना ती तुमच्यासाठी."

"यांना गाडीचा त्रास होतो का गं?"

नोबुएनं कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत नाही?"

"शटर पडतं ते ऐकू येतं."

"मग?"

त्यांनी कानातलं ऑइल बाहीला पुसलं. नोबुए फरशीवर त्यांच्याशेजारी बसली.

"दर शनिवारी मी डबा देते तिला. कधी शिजवलेला मुळा, कधी मासे. उद्या आवाज होईल, सांभाळून घ्या, असं वाकून सांगून येते. गाडी आली तेव्हापासून."

"मला बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? तेवढी एकच गोष्ट तुम्ही स्वतःसाठी करता असं वाटायचं. म्हटलं, डब्यावर भागतंय तर भागू दे. पण हल्ली तुम्ही तरी कुठे खूश असता तिच्यापायी? मग मी डबे कुणासाठी करतेय, तेच कळेना झालंय. दमले हो मी."

कुनिओ गाडीच्या उघड्या पोटाकडे बघत राहिले. आपणही दमलोय, हे सांगायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं.

"विकून टाकू," ते म्हणाले.

"आज काही ठरवू नका. पडल्या पडल्या माणूस काहीही ठरवतो."

कंबर सुधारेपर्यंत गाडी स्टँडांवरच होती. शेवटी वर्कशॉपचा माणूस येऊन उरलेलं काम करून गेला. विकायची गोष्ट कुनिओंनी दोनदा काढली आणि दोनदा स्वतःच विषय बदलला. नोबुएनं मात्र शनिवारचे डबे बंद केले आणि हारुएबाईंना तसं सांगूनही टाकलं, "आता आवाज झाला तर त्यांनाच झाडा."

आता रविवारी सकाळी इंजिन बंद ठेवूनच गाडी निघते. गल्लीला कालव्याकडे जरासा उतार आहे. नोबुए आत बसते, कुनिओ दाराच्या खांबाला हात लावून लोटत चालतात. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकवर उभंच राहावं लागतं.

"अहो, जरा हळू! ही म्हैस माझ्याच्यानं आवरत नाही!"

"हळू बोल, ओनोदेराबाई उठतील."

कालव्याच्या पुलापलीकडे गेल्यावर इंजिन सुरू होतं. तिथून दोघं समुद्राकडे जातात. हारुएबाई दुपारी उशिरा उठतात, तोवर परतायची सोय नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये, त्या बुटक्या सीटवर पाय आखडून ते भाताचे गोळे खातात. येणारेजाणारे गाडीचे फोटो काढतात, आत कोण आहे ते कुणी बघत नाही.

"अजून किती वेळ?" नोबुएनं परवा विचारलं.

कुनिओ सीटला डोकं टेकून कधीच झोपले होते. तिनं खिडकीची काच वर केली आणि स्वतःही डोळे मिटले.