सहकर्जदार

शोरूमच्या चकचकीत फरशीवर रुमाल अंथरून रोहिदासअण्णा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी गाडीखाली डोकं घातलं.

"काका, कपडे खराब होतील," ओम म्हणाला. तो तिथला सेल्समन होता.

"कापडं धुता येत्यात. बॅटरी कुठाय ती दाव."

"खालीच आहे, काका. हा सगळा तळ बॅटरीचाच आहे."

"म्हंजी आमी तिच्यावरच बसायचं?"

"हो."

"आन् पेटली म्हंजी?"

ओमने बॅटरीची आठ वर्षांची हमी सांगितली. अण्णांनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आन् तुमचं हे दुकान आठ वर्सं राहील, ह्याची हमी कोन देनार?" ओमला या प्रश्नाचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. तो पाणी आणायला गेला.

बाजूला उभी असलेली प्राजक्ता हसत होती. अण्णांची ही थोरली लेक. चाकणच्या एका कंपनीत तिला नवी नोकरी लागली होती. ती एकटी राहायची त्या ताथवड्यापर्यंत आधीच्या कंपनीची बस यायची, या कंपनीला बस नव्हती. कंटेनरच्या रांगांमधून ती रोज स्कूटर घालायची आणि घरी पोचली की आईला फोन करायची. गाडी हवीच होती. कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग फुकट होतं, म्हणून तिने विजेवरचीच गाडी घ्यायचं ठरवलं. अण्णांना सगळ्यात जास्त खटकलं ते हे फुकट.

"कोन कुनाला फुकट देतं का? आत कायतरी गोम आसनार."

अण्णांचा स्वभावच तसा. बाजारातून आणलेली भाजी ते घरी पुन्हा तोलत, आणि साखरपुड्यात आलेला नारळ कानाशी हलवून बघत. चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे स्क्रूची बंद पेटीही ते उघडून मोजून घेत, म्हणून मालक खूश आणि बाकी सगळे वैतागलेले. याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी, सोनबांनी, रस्त्यासाठी पुनावळ्याची जमीन दिली तेव्हा मोजणीत जमीन कमी भरली, आणि म्हातारा मरेपर्यंत सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अण्णा पाणीसुद्धा फुंकून पीत.

फक्त एकदा त्यांनी फुंकर मारली नाही. प्राजक्ताचं स्थळ आलं तेव्हा मुलाकडची जमीन, घर, माणसं पाहून ते भाळले आणि मुलाची चौकशी करायची राहिली. ते लग्न तीन वर्षांत मोडलं. त्यावर अण्णा कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शोरूमच्या कोपऱ्यात बँकेचं टेबल होतं. तिथल्या मिनल मॅडमनी प्राजक्ताचे कागद पाहिले. "पगार चांगला आहे. पण नोकरीला दोनच महिने झालेत, अजून कायम नाही. सोबत एक सहकर्जदार लागेल. वडील आहेतच. खोल्यांचं भाडं येतं ना, काका? त्याच्या पावत्या आणि सातबारा आणलात की पाडव्याला गाडी दारात."

सातबारा म्हटल्याबरोबर अण्णा खुर्चीत सरळ झाले.

"गाडीला सातबारा कशाला?"

"फक्त तुमची पत दिसावी म्हणून. तारण गाडीच राहते. जमिनीचा काही संबंध नाही."

"संबंध न्हाई, तर मागता कशाला?"

मॅडम हसल्या. प्राजक्ता मात्र अण्णांकडे बघत होती. "अण्णा, तुम्हाला नको असेल तर राहू द्या," ती हळूच म्हणाली.

"नको कुठं म्हनलं? इचार करतो."

दुसऱ्या दिवशी अण्णा हायवेलगतच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन बसले. विकणाऱ्यावर भरवसा ठेवू नये, वापरणाऱ्याला विचारावं, हा त्यांचा नियम. एका टॅक्सीवाल्याने गाडीला वायर लावली आणि तो चहा प्यायला त्यांच्या शेजारी टेकला. भीमराज त्याचं नाव, मूळचा लातूरकडचा.

"गाडी कशी हाय? खरं सांग."

"लई चांगली, काका. गॅसच्या गाडीपेक्षा खर्च निम्म्याला बी न्हाई. फक्त इथं रांग लागली की जीव जातो बगा."

"कंपनीनं तुला असं बोलायचे पैसे दिल्यात का?"

भीमराज इतका हसला की चहा सांडला. "कोनासाठी घ्यायलाव?"

"लेक घेतीय. मला सही मागतीय."

"लेक सही मागायली, मग कामून एवढा इचार करायलाव? माज्या बापाकडं सही मागावी असं मला कदी वाटलंच न्हाई."

अण्णांनी यावर मान हलवली, पण मनातून ते म्हणाले, याला काय जातंय बोलायला. विश्वास तर पानिपतातच गेला.

गाडीबद्दलचा संशय तिथे बराचसा फिटला. पण संशयाला एका जागी बसायची सवय नसते. संध्याकाळी त्यांनी धाकट्या मुलाला, अजिंक्यला, सातबाऱ्याची गोष्ट सांगितली आणि त्याने नेमकी दुखरी जागा दाबली.

"अण्णा, ताईबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आज सातबारा दिला, उद्या हप्ता थकला की काय होतं कुणाला माहीत? आणि कायद्यानं मुलीचा हिस्सा सारखा आहे. ती एकटी आहे. उद्या तिच्या डोक्यात कुणी भरवलं तर?"

"ती तशी न्हाई."

"आज नाही. म्हणून आजच हक्कसोड करून घ्या. सगळेच करतात."

सगळेच करतात, हे खरं होतं. जमिनीला सोन्याचे भाव आल्यापासून गावात ती रीतच पडली होती. लेकी-बहिणी रजिस्ट्रारच्या कचेरीत जात, वडिलोपार्जित जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचं लिहून देत, आणि माहेरची साडी-चोळी घेऊन परत जात. अण्णांच्या बहिणीने, विमलबाईने, दिलंच होतं लिहून. सर्व्हिस रोडलगतचे अकरा गुंठे आता तेवढे उरले होते.

शालनबाई भाकरी थापत सगळं ऐकत होत्या. "अवो, ती गाडी मागतीया. जमीन कुठं मागतीया?"

"मागायच्या आदीच बांध घातलेला बरा."

"लेकीला बांध?" एवढंच बोलून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

पाडव्याच्या चार दिवस आधी प्राजक्ता बँकेच्या टेबलाशी अण्णांची वाट बघत बसली होती. तिने रजा काढली होती, चांगला ड्रेस घातला होता आणि शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरून ठेवली होती. अण्णा आले, बसले. मिनल मॅडमनी सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारून फॉर्म पुढे केला. अण्णांनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी पिशवीतून वकिलाने टाइप करून दिलेला कागद काढला आणि प्राजक्तासमोर ठेवला.

"आदी तू ह्याच्यावर कर. मग मी करतो."

प्राजक्ताने कागद वाचला. घाई न करता, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अण्णांनी घरून सगळी उत्तरं तयार करून आणली होती. ती रडली तर काय म्हणायचं, भांडली तर काय म्हणायचं, कायदा काढला तर काय म्हणायचं. यातलं एकही उत्तर लागलं नाही.

"साडी आणलीय का?" तिने विचारलं.

"काय?"

"आत्याला दिली होती ना तुम्ही. हिरवी."

"घरी हाय. तुजी आई देईल."

मिनल मॅडम एकाएकी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"अण्णा, सहीसाठी अजिंक्य होता," प्राजक्ता म्हणाली. "आणि सहा महिने थांबले असते तर कुणाचीच सही लागली नसती. पण मला वाटलं, माझ्यामागं माझा बाप उभा आहे हे एकदा कुठंतरी लिहिलेलं असावं. लग्न मोडल्यावर लोकांनी बरंच काय काय लिहिलं माझ्याबद्दल, कोर्टात पण. त्यात हे एक असावं. एवढंच होतं."

अण्णांनी पेन उचललं. "मी सही करतोय की. न्हाई कुठं म्हनतोय?"

"नको आता."

तिने फॉर्म मिनल मॅडमकडे सरकवला. "मॅडम, हे राहू द्या. मी कायम झाल्यावर येते, एकटीच्या पगारावर."

"पाडव्याची सूट जाईल," मॅडम चाचरत म्हणाल्या.

"जाऊ दे." मग ती अण्णांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि अण्णांना त्याचीच भीती वाटली. "ह्या कागदाला नुसती सही चालत नाही, नोंदणी लागते. पाडवा झाला की अर्धी रजा टाकते. तुम्ही वेळ घेऊन ठेवा."

आणि ती खरंच आली. स्कूटरवर, हेल्मेट हातात धरून. कचेरीत कॅमेऱ्यासमोर बसली, अंगठा दिला. "स्वखुशीने देताय ना?" तिथल्या बाबूने सवयीने विचारलं. "स्वखुशीनं," ती म्हणाली. मागे उभ्या असलेल्या अण्णांना वाटलं, आता तरी हिने मागे वळून एक शिवी घालावी. अकरा गुंठे पक्के झाले होते. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण ते जागचं हललं नाही. कचेरीच्या दारात शालनबाईंनी दिलेली साडी प्राजक्ताने नीट घडी घालून पिशवीत ठेवली, अण्णांच्या पाया पडली आणि शिफ्टला निघून गेली.

दसऱ्याच्या सुमारास ती कायम झाली. तिने गाडी घेतली, तीच, एकटीच्या नावावर. हे अण्णांना शालनबाईंकडून कळलं. फोटो आईच्या मोबाईलवर आला होता.

त्याच आठवड्यात अण्णांनी वायरमन बोलावला. भाड्याच्या खोल्यांच्या बाजूला नाही, घराच्या पुढच्या भिंतीला, आपल्या स्वतःच्या मीटरवरून गाडीसाठी पॉइंट काढून घेतला. वायर जाड हवी म्हणून स्वतः पिंपरीला जाऊन आणली आणि दुकानदाराने दिलेली लांबी घरी पुन्हा मोजली. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर केलं. भाडेकरूंनी शेगडी लावू नये म्हणून पॉइंटला लोखंडी पेटी केली आणि पेटीला कुलूप लावलं. शालनबाईंनी सगळं पाहिलं.

रविवारी प्राजक्ता गाडी घेऊन आली. शालनबाईंनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. प्राजक्ताने लिंबं चिरडून गाडी पुढे घेतली, पेढे दिले, दोघांच्या पाया पडली. कशातही उणं ठेवलं नाही. पाहुणी लेक वागते तशी नीट वागली.

"लावायची का जरा?" अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. किल्ली त्यांच्या हातातच होती. "पॉइंट काडून घेतलाय. चांगली वायर टाकलीय."

प्राजक्ताने पेटीकडे पाहिलं, छप्पर पाहिलं, कुलूप पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा हलला.

"कशाला उगीच, अण्णा. कंपनीत पूर्ण भरून आणलीय. पुरेल." मग आईला म्हणाली, "चल, रहाटणीला मावशीकडे जाऊन येऊ. अण्णा, येताय?"

"न्हाई, तुमी जावा," अण्णा म्हणाले.

पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. समोरच्याने दुसऱ्यांदा आग्रह करायचा असतो, मग उठायचं. अण्णांनी त्यासाठी पायात चपलाही सरकवल्या होत्या. प्राजक्ताने आईला सीटचा पट्टा लावून दिला, हात हलवला आणि गाडी वळवली. सर्व्हिस रोडला लागेपर्यंत शालनबाई मागे वळून बघत होत्या.

अण्णा बराच वेळ फाटकात उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी टेस्टर आणला. वायरमनवर त्यांचा भरवसा नव्हता. कुलूप काढलं, पेटी उघडली, टेस्टर आत घातला आणि वर बोट टेकवलं.

तांबडा दिवा लागला. करंट बरोबर येत होता. त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिला, आणि पेटीला कुलूप घातलं.