बाळांचा तक्ता

"ई! खांद्यावर काय आहे तुझ्या?" शेजारच्या खुर्चीवरून त्रिविक्रम ओरडला.

"अद्वैतने दूध टाकलंय." उल्काने ओढणीने पुसलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तो आंबूस वास आता तिला आपल्याच अंगाचा वाटायचा.

बाळंतपणाच्या रजेनंतर आज पहिला दिवस. दवाखान्यांना औषधाचे डोस सांगणारा प्रोग्राम तिने एकटीने उभा केला होता. फाइल उघडली, तर सगळा कोड एका साच्यात बसलेला. तिला आधी बरंच वाटलं. रजेपूर्वी तीच त्रिविक्रमच्या मागे लागायची, "अरे, ओळी नीट लावतो तो फॉर्मॅटर चालव ना, एक बटण दाबायचं असतं. तुझा कोड वाचवत नाही." तेव्हा तो हसायचा, "मला रांगोळी जमत नाही बाई!"

मग तिची नजर समासाकडे गेली. तिथे ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दिसतं. त्रिविक्रम. त्रिविक्रम. खालपर्यंत त्रिविक्रम.

"माझं नाव कुठंय?"

"अगं, टूल मी रन केलं, म्हणून सगळीकडे माझं लागलं. जुनी हिस्टरी आहे की, कुणी काय लिहिलं त्याची. शोधलं तर सापडेल."

"कोण शोधणार?"

"आपल्या मॅनेजरांनी, श्रीवत्स सरांनी, तरी नाही शोधलं." तो कॉफीत बिस्किट बुडवत म्हणाला. "या प्रोग्रामचा ओनर मलाच केलंय. तुलाही आता लवकर घरी पळायचं असणार. बरंच झालं ना?"

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"त्यांनी विचारलंच नाही."

भिजलेलं बिस्किट कपात पडलं. त्याने ते बोटाने काढून चोखलं आणि त्याच बोटाने कीबोर्ड बडवायला लागला. उल्काने खुर्ची लांब सरकवली. रोज लंगोट धुताना तिला कधी अशी किळस आली नव्हती.

फाइलमध्ये ती खाली खाली गेली. तान्ह्या बाळांच्या डोसांचा तक्ता. वजनाखाली वजन, थेंबांखाली थेंब असे आकडे तिने हाताने मांडले होते. एखादा चुकला तर रांगेबाहेर डोकावावा म्हणून. टूलने सगळे एकमेकांना चिकटवून टाकले होते.

फोन वाजला. अद्वैतला सांभाळणारी कानडी भाग्यलक्ष्मी अक्का. "उल्का, उठलंय बघ पोर. तुझी साडी दिलीय हातात, आता स्वल्प शांत आहे."

"वास घेतोय का गं तिचा?"

"तोंडातच घातलाय पदर!"

ती एकटीच हसली. मग तक्त्याच्या वर आणि खाली तिने एकेक ओळ लिहिली: टूलने इथे हात लावायचा नाही. आणि स्पेसबार दाबत एकेक आकडा त्याच्या जागी नेऊन बसवला, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा.

संध्याकाळी त्रिविक्रमने सवयीने फॉर्मॅटरचं बटण दाबलं. पान थरथरलं. मधला तक्ता जागचा हलला नाही. तेवढ्याच ओळींपुढे उल्काचं नाव होतं.

"हे का हलत नाहीये?"

"ते बाळांचं आहे."

ती फ्रिजकडे गेली. तिने दुपारी अद्वैतसाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर कुणाचा तरी सांबारचा डबा पाझरला होता. तिने बाटली धुतली, ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसली आणि पिशवीत उभी ठेवली.