काट्याचे फोटो

"लाभ गा लाभ, लाभ आला घाटी… दोन गा दोन, दोनाची भरली पाटी…"

घाटावर मासोळीच्या टोपल्या वजनकाट्यावर चढवताना तोलणारा तुलाराम असं गायचा. पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही त्याच्या बापाची रीत. थंडीच्या सकाळी धुक्यात डोंगे दिसत नसत, पण पाण्यावरची माणसं तो सूर ऐकून आपली टोपली कितवी ते ओळखत. देवाजीलाही तो सूर पाठ होता. मच्छीमार संस्थेचा सचिव झाल्यावर त्यानंच तो बंद पाडला.

बंद पाडला म्हणजे गाऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. झालं ते असं. घाटावरच्या वजनापेक्षा नागपूरच्या व्यापाऱ्याकडचं वजन रोज कमी भरू लागलं. सगळ्या घाटासमोर देवाजी ओरडला, "हात काढ काट्यावरून! सग्यासोयऱ्यांच्या मासोळीवर हात दाबतेस काय गा?" दुसऱ्या दिवसापासून ज्याची टोपली तो संस्थेच्या मोबाईलवर तिचा फोटो काढू लागला. काटा दिसला पाहिजे, आकडा दिसला पाहिजे आणि तुलारामचे दोन्ही हात वर दिसले पाहिजेत. तेव्हापासून तुलाराम मुकाट्यानं तोलतो.

आज ज्योत्सना आली होती. भंडाऱ्याहून येणारी ही मुलगी संस्थांचे संगणक, मोबाईल आणि त्यांत साचलेला फोटो-कागदांचा माल तपासायची. काय वापरता, काय नुसतंच चालू ठेवता, वीज किती जाते, बिघडलेलं दुरुस्त करता की फेकता, सगळं विचारायची. पुनर्वसनातल्या गावठाणात, संस्थेच्या खोलीत ती सकाळपासून देवाजीसमोर बसली होती. कोपऱ्यातला मेला म्हणून टाकलेला संगणक तिनं उघडला, धूळ झाडली, एक सुटी झालेली पट्टी दाबून बसवली. तो सुरू झाला.

"घ्या. अन् तुम्ही नवा मागवून राहिले होते, काका."

संस्थेची सभासद रेवताबाई दारात बसून जाळं सांधत होती. ती हसली. "आमचे सेक्रेटरी नव्याचेच शौकीन हायेत बाई. जुना माणूस असो का जुनी मशीन, भंगारात."

देवाजीही हसला. तोवर सगळं बरं चाललं होतं. रात्रभर चालू राहणारी यंत्रं बंद करायची, एकच कागद तीनतीन ठिकाणी जपायचा नाही, निकामी बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नोंदणी असलेल्या केंद्रात पोचवायच्या. तो ज्योत्सनाच्या प्रत्येक सूचनेला मान हलवत गेला.

मग ज्योत्सनानं फोटो उघडले.

पडद्यावर फोटो सरकत राहिले. टोपली, काटा, हात वर केलेला माणूस. टोपली, काटा, हात वर केलेला माणूस. आधी केस काळे, मग करडे, मग पांढरे. अंगात कधी स्वेटर, कधी फाटकी बनियन. हात मात्र तसेच, पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे.

"बापरे," ती म्हणाली. "संगणक याच्यानंच भरला. वरून इंटरनेटवर जागा घेतली, ग्रुपवर टाकले, म्हणजे प्रत्येकाच्या मोबाईलातही. काका, हे आभाळात राहत नाहीत. कुठंतरी मोठमोठ्या मशिनी दिवसरात्र चालतात यांच्यासाठी. त्यांना वीज लागते, थंड ठेवायला पाणी लागते."

"पाणी?" रेवताबाईचं जाळं थांबलं. "आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याचा एक फोटो नाही कोणापाशी. मारुतीच्या पाराचा नाही, घाटाचा नाही. अन् काट्याचे कोठीभर!"

"हे परत कधी कोणी उघडून पाहिले?"

ज्योत्सनानं एका फोटोवर बोट ठेवलं.

"अन् हे आजोबा हात वर करून काहून उभे आहेत?"

देवाजीची नजर दाराकडं गेली. सकाळचा तोल संपवून तुलाराम संस्थेचा मोबाईल परत द्यायला आला होता. तो रेवताबाईच्या मागं, उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"ते… पुरावा म्हणून," देवाजी म्हणाला.

"कशाचा?"

"वजनाचा."

ज्योत्सनाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सरळ कामाचं बोलली. "मग असं करू. काट्यावर अजूनही संशय असेल तर ठेवू. नसेल तर हे काढून टाकू अन् उद्यापासून फोटो बंद. तुम्ही सांगा, संशय आहे का?"

इतका साधा प्रश्न. देवाजीनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याला तो टेम्पो दिसला, फोटो सुरू झाल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यातला. चोर पकडायचा म्हणून तो स्वतः टोपल्यांसोबत बसून गेला होता. वाटेतलं अड्याळ गाव मागं पडलं आणि त्याच्या चपला ओल्या झाल्या. ताज्या मासोळीतून, तिच्यासोबत तोललेल्या विरघळत्या बर्फातून पाणी निथळत होतं, फळीच्या फटीतून रस्त्यावर गळत होतं, थेट नागपूरपर्यंत. तेवढंच वजन नागपुरात कमी भरत होतं. त्याला सगळं कळलं होतं. परतल्यावर सांगायचं त्यानं ठरवलंही होतं. पण घाटावर माणसं जमली होती, आणि तुलाराम हात वर करून उभा होता. सांगायचं म्हटलं की आपलंच ओरडणं कानात यायचं. आज नाही, उद्या सांगू. फोटो बंद केले तर लोक कारण विचारतील, म्हणून फोटो चालूच राहिले.

"राहू द्या," तो पुटपुटला. "ठेवू. असू द्या संस्थेत."

"म्हणजे संशय आहे?"

तुलाराम आत आला. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला, जपून, पडदा वर करून. "ठेवा जी," तो ज्योत्सनाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "आता सवय पडली. हात आपोआपच वर जाते. परवा नातीच्या लग्नात फोटोवाला आला तं तिथंही गेले. पोरी हासल्या."

रेवताबाईनं मान खाली घातली. तुलाराम वळला, उंबऱ्याशी चपला शोधू लागला.

देवाजी उठला. खुर्ची मागं भिंतीला आदळली. लाजेनं त्याचे कान तापले होते. ज्योत्सनाकडं, रेवताबाईकडं पाहायची छाती नव्हती. तुलारामकडंही नव्हती, पण तो त्याच्याकडंच पाहत राहिला.

"संशय नाही, बाई. पहिल्या उन्हाळ्यापासूनच नाही." शब्द अडखळले, तरी आले. "दादा, थांबा. वजन रस्त्यात कमी होत होतं, बर्फाचं पाणी गळून. मी डोळ्यानं पाहिलं. तुमचा तोल खरा होता. मले माहीत होतं, दादा, अन् इतकी वर्षं मी तुमाले हात वर करून उभं ठेवलं."