पाण्याखालच्या पायरीचा नकाशा

मित्रांनो, मला उलगडताना जरा जपून. मी कापडावर काढलेला एक जुना नकाशा आहे. नांदेडच्या गोदाकाठाचा. माझ्या घड्या आता विरल्या आहेत आणि एका कोपऱ्यात शाईचा मोठा डागही आहे. त्या डागाची गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या मत्सराची गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझा जन्म दुष्काळातला. दुष्काळ बहात्तरचा, पण गोदावरीने आपला तळ दाखवला तो पुढच्या उन्हाळ्यात. किल्ल्याच्या बुरुजाखाली पाण्याचे चार डोह तेवढे उरले होते. जुन्या घाटावर वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. तो उपसायचे दुष्काळी काम सरकारने काढले आणि मजुरांची हजेरी घ्यायला काही शिक्षकांना पाठवले. त्यांत शेषेराव गुरुजी होते. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. हजेरी झाली की उरलेल्या वेळात काय करायचे, म्हणून त्यांनी मांजरपाटाचे दोन हात कापड आणले, त्याला खळ दिली, दगडाने घोटून गुळगुळीत केले आणि माझ्यावर घाट काढायला घेतला. बुरुज, नावेचा उतार, घाटाची एकेक पायरी. इतके मन लावून मला कुणीतरी घडवते आहे, या आनंदात मी होतो.

त्या कामावर सरजाबाई नावाची एक मजूरबाई होती. नांदेडलाच एका वस्तीत राहायची, माहेर मुदखेडकडचे. एके दिवशी तिची कुदळ खणकन वाजली. तिने हाताने गाळ सारला, तर सगळ्यांत खालची पायरी निघाली. तिच्यावर छिन्नीने मारलेल्या सात रेघा होत्या. गुरुजी म्हणाले, कारागिराने नक्षी अर्धवट सोडलेली दिसते. सरजाबाईने मान हलवली. ती म्हणाली, तिच्या माहेरच्या आडातही अशा रेघा आहेत. आड आटून तळाचा दगड उघडा पडला, की त्या वर्षाची एक रेघ मारायची. ही पायरीसुद्धा नदी आटल्यावरच दिसत असणार.

गुरुजींनी त्या सात रेघा माझ्यावर काढल्या. शेजारी नीट अक्षरात त्यांचा अर्थ लिहिला. खालच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने लिहिले, 'शोध : शेषेराव गुरुजी'. खरे सांगतो, तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. कुदळ चालवणाऱ्यांची नावे नकाशावर नसतात, असेच मी धरून चाललो होतो.

पाऊस झाला, नदी भरली, पायरी पाण्याखाली गेली. मग माझे दिवस आले. दर रविवारी सकाळी गुरुजी लोकांना घेऊन नदीकाठाची फेरी काढू लागले. किल्ल्यापासून निघायचे, नावेच्या उताराशी थांबायचे आणि शेवटी घाटावर यायचे. तिथे ते मला उलगडायचे. माणसे पाण्याकडे पाहायची, मग माझ्याकडे पाहायची. पायरी नदीने लपवली होती आणि ती दाखवणारा सगळ्या नांदेडात मी एकटा होतो. लोक म्हणायचे, "वा गुरुजी, काय जपून ठेवलंय!" ते ऐकून माझी खळ पुन्हा कडक व्हायची. दहा वर्षे मी असा मिरवलो.

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. तिथल्या नव्या कचेरीत माणसे हवी होती. सरजाबाईची मुलगी पंचशीला शिकली होती, तिला तिथे कारकुनाची नोकरी लागली. एका सुट्टीत ती कचेरीतल्या पाच-सहा जणांना नांदेड दाखवायला घेऊन आली. आईलाही सोबत घेतले आणि सगळे आमच्या फेरीत सामील झाले. गुरुजींनी सरजाबाईला ओळखले, नमस्कारही केला. पण दहा वर्षांपूर्वी ती इथे कामावर होती, हे काही त्यांनी लोकांना सांगितले नाही.

घाटावर मला उलगडले. गुरुजी नेहमीप्रमाणे बोलू लागले. तेवढ्यात सरजाबाई शेजारच्या बाईला हळूच सांगू लागली, की इथे गाळ कमरेएवढा होता, उन्हाने पाटी चटके द्यायची, आणि त्या पायरीचा दगड पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा तो गार होता. इतक्या उन्हात गार! एकेक करून माणसे तिच्याकडे वळली. उदगीरचे गुरुपादप्पा म्हणून एक वयस्कर हेडक्लार्क होते. ते गुरुजींना म्हणाले, "नकाशा मागून बघू, गुरुजी. बाईंना आधी बोलू द्या."

मित्रांनो, त्या दिवशी मी गुरुजींच्या हातात अर्धा उलगडलेला लोंबत राहिलो. माझ्यावर सगळे होते, पायऱ्या होत्या, मापे होती, दिशा होत्या. पण दगड गार होता हे माझ्यावर कुठे होते? मला तिचा राग आला. तिच्या आवाजाचा आला, तिच्या हातांचा आला. मी फक्त चित्र होतो आणि तिने त्या पायरीला हात लावला होता.

सरजाबाई त्यानंतर दर रविवारी येऊ लागली. लोकही विचारायचे, बाई आल्या का? माझ्यासारखेच गुरुजीही आतून जळत होते. मला ते त्यांच्या बोटांवरून कळायचे. ती बोलू लागली की मला धरलेली त्यांची बोटे घट्ट व्हायची. दुपारनंतर सरजाबाई बाजारात भाजी घेऊन बसते, हे त्यांना माहीत होते. एका रविवारी त्यांनी जाहीर केले, की उन्हाचा त्रास होतो म्हणून फेरी यापुढे संध्याकाळी निघेल.

सरजाबाई यायची बंद झाली. मला काय वाटले म्हणता? मला फार बरे वाटले. आज लाज वाटते, पण तेव्हा बरेच वाटले होते.

वर्षभराने लातूरच्या काही शाळांसाठी नांदेडच्या सहलीची एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात माझी प्रत छापली होती, तांबड्या अक्षरांतल्या नावासकट. पंचशीलाने ती पुस्तिका पाहिली आणि पुढच्या रविवारी ती आईला घेऊन थेट घाटावर आली. सरजाबाई भाजीची पाटी कुणाच्या तरी हवाली करून आली होती. फेरीला पंचवीस-तीस माणसे होती. पंचशीला संतापलेली होती. ती पुढे होऊन बोलणार, तोच सरजाबाईने तिचा हात धरला. फेरी संपेपर्यंत दोघी मागच्या पायरीवर बसून राहिल्या. शेवटचा माणूस गेल्यावर सरजाबाई उठली.

"मास्तर, तुमच्या नकाशात एक रेघ कमी हाय," ती म्हणाली.

गुरुजींनी मला उलगडले. रेघा मोजल्या. "सातच होत्या, सरजाबाई. मी स्वतः मोजल्या होत्या."

"तुमी मोजल्या तवा सातच होत्या. काम संपलं त्या दिशी तुमी हजेरी घेऊन लवकर गेलात. मागून आमी बायांनी आठवी मारली. आमच्या सालाची."

गुरुजींनी पुन्हा त्या रेघांवरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, इतके रविवार ती येत होती, तर हे आधी का सांगितले नाही?

"तुमी कवा विचारलंच न्हाई. आन् मग तर येळच बदलून टाकली." तिचा आवाज चढला नव्हता. "नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या, मास्तर. पण आमी रेघ मारली हाय आन् तुमी लोकायला सातच सांगून राहिलात. पुढं कवा पायरी उघडी पडंल, आन् लोक तुमच्या नकाशाला खरं धरतील. म्हणतील, आठवी कुणीतरी उगं खरडली."

मित्रांनो, मी ज्या दुष्काळात जन्मलो, त्याच दुष्काळाची रेघ माझ्यावर नव्हती. हे मला तिच्याकडून कळावे, याचाही मला राग आला.

गुरुजींनी पेनाचे टोपण काढले. रेघ ते स्वतः ओढतील असे मला वाटले. पण त्यांनी मला पायरीवर पसरले आणि पेन सरजाबाईच्या हातात दिले. "तुम्हीच काढा," ते म्हणाले. सरजाबाईला पेन धरायची सवय नव्हती. तिने ते छिन्नीसारखे मुठीत धरले आणि दाबून रेघ ओढली. रेघ वाकडी आली, पेनातली शाई भसकन सांडली आणि कोपऱ्यापर्यंत पसरली. गुरुजींनी ती टिपली नाही.

"त्या दिवशी कोण कोण होतं?" त्यांनी विचारले.

सरजाबाईने नावे सांगितली. चांगुणा, केवळाबाई, देगलूरकडची गुरम्मा. तिथे ती थांबली. चौथे नाव पंचशीलाने सांगितले, आईचे. गुरुजींनी चारही नावे त्या ओल्या डागाशेजारी लिहिली. मग तांबड्या शाईतला 'शोध' हा शब्द खोडून त्या जागी 'रेखाटन' लिहिले.

पुढच्या रविवारपासून फेरी पुन्हा सकाळी निघू लागली. पुढे गुरुजी, मागे सरजाबाई. घाटावर बोलायची ती. सरजाबाई पंचशीलाकडे लातूरला राहायला गेली तोवर, सहा वर्षे हे असे चालले. मी मनातून निवळलो असे म्हणणार नाही. ती बोलू लागली की माझ्या कडा वळायच्याच.

आता गुरुजी नाहीत. सरजाबाईही नाही. मी एका महाविद्यालयाच्या कपाटात असतो. नव्या मुलांनी फेरी पुन्हा सुरू केली आहे. घाटावर मला उलगडले की सगळे माझ्याकडेच पाहतात, माझे फोटो काढतात. माझ्या वाटेत आता कुणी येत नाही. हेच तर मला हवे होते. पण परवा एका मुलीने विचारले, या डागाशेजारच्या बाया दिसायला कशा होत्या, बोलायच्या कशा? सगळे माझ्याकडे पाहत राहिले आणि मला काहीही सांगता आले नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. मला वाळवी लागू देऊ नका, ओल्या हाताने धरू नका, रोज त्याच घडीवर दुमडू नका. आणि फेरीत कधी एखादी म्हातारी पाण्याकडे पाहत हळूच काही सांगू लागली, तर मला गुंडाळून काखेत धरा आणि तिच्याजवळ बसा. मला राग येईल. येऊ द्या.