पांझरेच्या वाळूतला ओंडका

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. म्हटलं, ओंडक्याचं कोण ऐकतंय. पण परवा आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाली आणि राहवेना.

मी एक जुना ओंडका. साक्रीकडे पांझरा नदीच्या काठावर दोन ओंडके उभे आहेत, त्यांच्यावर आडवा टाकलेला तिसरा, तो मी. आम्ही कुठल्या झाडाचे, आम्हालाही आठवत नाही. हजारो वर्षं वाळूखाली होतो. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावातला अभिमन वाळू काढत होता. त्याची कुदळ माझ्यावर पडली आणि ठण्ण वाजली. त्याला वाटलं, दगड. मग धुळ्याहून साहेब आले, म्हणाले, लाकूड फार जुनं आहे, जपा. गावानं आम्हाला दाराच्या चौकटीसारखं उभं केलं, ‘निसर्ग स्मारक’ अशी पाटी ठोकली. राखण अभिमनकडे.

खरं सांगू? वाळूत ओला होतो तोवर मी अखंड होतो. वर उन्हात वाळलो आणि मधोमध तडकलो. अभिमन दर वर्षी मला अळशीचं तेल पाजतो, तड्यात अंगठा घालून बघतो. अशी आमची दोस्ती.

यंदा काठावरचा मोठा निंब वादळात पडला. माहेरी आलेल्या पोरींचा आखाजीचा झोका त्यालाच असायचा. दुसरं दणकट झाड जवळ नाही. म्हणून आखाजीच्या सकाळीच गावातली शेवंताबाई खांद्यावर दोर टाकून आमच्याकडे आली. मागे पोरी, त्यात अभिमनची लेक वच्छला. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, आणि उद्या सासरी परत जायचं.

“अक्का, हाई स्मारक शे,” अभिमन आडवा आला. “टुटी गयं ते मी सायबले काय सांगू?”

“सायेब काय झोका खेळाले येस का?”

पोरी हसल्या. वच्छला हसली नाही. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, आबा. मी बठ्ठं वरीस वाट दखी, आजून एक वरीस दखसू.”

अभिमन तसाच वळला. घरी गेला. जुन्या मोटेचं चामडं पाण्यात भिजवून घेऊन आला, त्याच्या वाद्या कापल्या आणि शिडीवर चढून तड्यावर करकचून आवळल्या. दिवसभराच्या उन्हात त्या वाळल्या आणि मला अशा घट्ट धरून बसल्या की विचारू नका.

संध्याकाळी दोर बांधला. आधी तो स्वतःच बसला.

“दखा वं, अभिमनभाऊ माहेरले उना!” शेवंताबाईनं त्यालाच माहेरवाशीण करून टाकलं.

त्यानं चांगले चार झोके घेतले. मी कुरकुरलो, पण टिकलो. मग वच्छला बसली. तोंडाला आमरस तसाच, पदर खोचलेला. पोरींनी गाणं धरलं. झोका नदीवर गेला की माझा तडा हलायचा. ते फक्त मला कळत होतं, आणि अभिमनला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना नुसतं पाटी लावून उभं करू नका. माझ्या अंगावर त्या दिवशी किती वर्षांनी कुणाचा तरी जीव होता.

अभिमननं खांबाला हात टेकला, वर माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, “दोस्त, मन्ही आंडेर शे.”

मी मनात म्हटलं, तुझी लेक, अभिमन. तिचे पाय वाळूला टेकेपर्यंत मी उकलणार नाही.